क्लेम फॉर्ममध्ये घर कुठे आहे?

मी आरोग्यविम्याच्या कागदपत्रांवर पीएच.डी. करते. म्हणजे पॉलिसीची कलमं, क्लेमचे फॉर्म, डॉक्टरांची बिलं आणि आजारांच्या कोडची पुस्तकं मी एखाद्या कादंबरीच्या बारकाईने वाचते: कोणता शब्द कुठे आलाय, कोण गाळलं गेलंय, कोणतं वाक्य आधीच्या वाक्याला खोडतंय. ‘याचा उपयोग काय?’ असं नातेवाईक लग्नकार्यात हमखास विचारतात. आजची पोस्ट हे त्याचं एक उत्तर समजा. विषय जरा नकोसा आहे: आतड्यांचे त्रास, त्यासाठी घरी येणारे डॉक्टर आणि सिस्टर, आणि त्यांच्या बिलाचं पुढे काय होतं.

नकोसा आहे म्हणूनच तो घेतला. गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल आपण रिक्षात बसूनही बोलतो. पण आजोबांना आठ दिवस संडास झालेली नाही, किंवा आजीचं अंथरूण दिवसातून चार वेळा बदलावं लागतंय, हे कुणी बोलत नाही. जे बोललं जात नाही ते लिहिलंही जात नाही. आणि विम्याच्या जगात जे लिहिलेलं नाही, ते झालेलंच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याकडे घरभेटीचं बिल अडकतं ते डॉक्टर कोड लिहीत नाहीत म्हणून, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उद्या प्रत्येक डॉक्टरने अचूक कोड लिहिला, तरी हे बिल अडकणारच. कारण पॉलिसीने आणि फॉर्मने घर ही उपचाराची जागा म्हणून मनापासून कधी मान्यच केलेली नाही.

आधी एक उदाहरण

समजा, गोरेगाव पश्चिमेला जवाहरनगरमध्ये एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ब्याऐंशी वर्षांचे आजोबा आहेत. लिफ्ट नाही. पडल्यापासून बिछान्यातच आहेत. दुखण्यासाठी तीव्र वेदनाशामक गोळ्या आणि अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पाणी जेमतेम पितात. तीन दिवसांपासून कपड्यांना सतत पातळ मळ लागतोय. घरचे म्हणतात, ‘जुलाब लागलेत.’ फोनवर कुणीतरी जुलाब थांबवायची गोळी सुचवतं.

इथे फोनवरचा सल्ला घातक ठरू शकतो. झोपून असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या गुदाशयात मळाचा घट्ट खडा अडकला, की त्याच्या मागे साठलेला पातळ मळ कडेकडेने झिरपत बाहेर येतो. दिसतो जुलाब, असतो मलावरोध. अशा वेळी जुलाब बंद करणारी गोळी दिली, तर खडा आणखी पक्का होतो. खरं काय आहे ते कळायला डॉक्टरांना पोट तपासावं लागतं, हातमोजा घालून गुदद्वारातून बोट घालून बघावं लागतं. हे व्हिडिओ कॉलवर होत नाही. म्हणजे जिना चढून कुणीतरी यावंच लागतं.

डॉक्टर येतात. तपासतात, खडा मोकळा करतात, एनिमा देतात, गोळ्यांची यादी बदलतात. दुसऱ्या दिवशी सिस्टर येऊन पुन्हा एनिमा देते. ब्युरोतून आणलेल्या मावशी दिवसभर पुसणं, कूस बदलणं, पाणी पाजणं हे सगळं करतात. संध्याकाळी आजोबा आठवड्याने पहिल्यांदा नीट झोपतात. औषधशास्त्राच्या दृष्टीने हा उत्तम उपचार: कमी खर्चाचा, वेळेवर, आणि माणसाची लाज राखणारा.

आता याचं बिल बघू. डॉक्टरांच्या लेटरहेडवर बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘व्हिजिट चार्जेस’. त्याखाली रक्कम, सही. मावशींचं बिल ब्युरोचं, त्यावर दिवसांची संख्या. आजाराचं नाव असलंच, तर घरच्यांनी सांगितलेलं: ‘लूज मोशन्स’.

कोडचं पुस्तक काय म्हणतं

आजारांचं जगभर वापरलं जाणारं वर्गीकरण म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी. त्याच्या दहाव्या आवृत्तीत आपल्या आजोबांसाठी बऱ्याच जागा आहेत. संसर्गजन्य किंवा कारण न सांगितलेले जुलाब असतील तर ए०९. साधी बद्धकोष्ठता असेल तर के५९.०. मळ अडकून आतडं तुंबलं असेल तर के५६.४. मळावर ताबा राहत नसेल तर आर१५. शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर ई८६. म्हणजे कोडच्या पुस्तकाला आजोबांची अवस्था नीट सांगता येते. के५६.४ हा मुख्य आजार आणि सोबत आर१५ असं लिहिलं, तर दूरच्या कचेरीत बसलेल्या माणसालाही कळेल की हे ‘काहीतरी खाल्लं असेल’ प्रकरण नाही.

पण या पुस्तकालाही स्वतःचा देश-काळ आहे. आयसीडी-१०च्या सुरुवातीच्या रूपात ए०९ खाली एक टीप होती. तिचा आशय असा: ज्या देशांत विशेष उल्लेख नसलेले जुलाब संसर्गाचे नाहीत असं गृहीत धरता येतं, तिथे त्यांना के५२.९ हा असंसर्गजन्य कोड द्यावा. विचार करा, दोन माणसांना एकच त्रास, डॉक्टरने एकच शब्द लिहिलेला, आणि कोड ठरणार देशावरून! २०१०च्या आवृत्तीत हे बदललं आणि ए०९ चे ए०९.० व ए०९.९ असे दोन भाग झाले. तरी त्या जुन्या टिपेतून एक गोष्ट शिकता येते. कोड म्हणजे आजाराचा फोटो नव्हे. कोड म्हणजे आजाराबद्दल कुणीतरी घेतलेला निर्णय.

जेफ्री बोकर आणि सुझन ली स्टार यांचं ‘सॉर्टिंग थिंग्ज आउट’ हे १९९९चं पुस्तक माझ्या संशोधनाचा पाया आहे, आणि त्याचा बराचसा भाग आयसीडीवरच आहे. वर्गीकरण दिसेनासं होतं तेव्हाच ते सगळ्यात जास्त काम करत असतं, हे त्यांचं मुख्य सूत्र. आपल्याकडे मात्र ते शोधायला फार खोलात जावं लागत नाही. ते पॉलिसीतच छापलेलं असतं, फक्त बारीक अक्षरांत.

आता कलम वाचू

सरकारी साधारण विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणली. तेव्हापासून चालत आलेली एक कल्पना आहे: ‘डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन’. घरी राहून घेतलेला, पण एरवी हॉस्पिटलातच घ्यावा लागला असता असा उपचार. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या व्याख्येत त्यासाठी दोन परिस्थिती सांगितल्या आहेत: रुग्णाला हॉस्पिटलात हलवता येण्यासारखी स्थिती नाही, किंवा हॉस्पिटलात खोलीच उपलब्ध नाही.

शब्द नीट बघा. ‘घरी हॉस्पिटलात भरती होणं.’ घराला उपचारात प्रवेश मिळतो तो हॉस्पिटलचा बदली कामगार म्हणून. रुग्ण घरीच जास्त चांगला राहील, म्हाताऱ्याला स्वतःच्या संडासाजवळ असणं हाच उपचाराचा भाग आहे, ही शक्यता व्याख्येत नाही.

पुढे अपवादांची यादी येते. मेडिक्लेमच्या जुन्या मसुद्यात होती ती आजही बऱ्याच पॉलिसींमध्ये थोड्याफार फरकाने दिसते. या आजारांचा घरचा उपचार मिळणार नाही: दमा, ब्राँकायटिस, मूत्रपिंडाचा जुनाट दाह, मधुमेह, अपस्मार, रक्तदाब, सर्दी-खोकला-फ्लू, मानसिक आजार, टॉन्सिल, संधिवात, दहा दिवसांपेक्षा कमी काळचा अकारण ताप. आणि याच रांगेत: जुलाब, सर्व प्रकारची आमांश-हगवण आणि गॅस्ट्रोएन्टरायटिस. शिवाय तीन दिवसांपेक्षा कमी चाललेला उपचारही वगळलेला असतो.

विमा कंपनीची बाजू आधी मांडते, कारण ती पोकळ नाही. जुलाब, सर्दी, दमा हे रोज हजारो घरांत होतात. घरात काय झालं ते तपासायला कंपनीचा माणूस जाऊ शकत नाही. हॉस्पिटलात निदान केस पेपर, नर्सची नोंद, भरतीची वेळ असते. घरच्या बिलांना दार उघडलं तर खोट्या बिलांची रांग लागेल आणि हप्ता सगळ्यांचाच वाढेल. ही भीती खरी आहे.

पण यादी त्या भीतीवरचा उपाय आहे का? व्याख्येची पहिली अटच अशी, की उपचार एरवी हॉस्पिटलात घ्यावा लागेल इतका गंभीर हवा. म्हणजे साधे जुलाब, साधी सर्दी व्याख्येतच गळून पडले. आता चाळणीवर उरले ते फक्त गंभीर रुग्ण. आणि यादी नेमकं त्यांनाच, आजाराचं नाव वाचून, बाहेर काढते. पंचवीस वर्षांच्या मुलाचे पाणीपुरीनंतरचे जुलाब आणि ऐंशी वर्षांच्या बाईचे, सलाईन लावावं लागलेले जुलाब यांत फरक करणारा कोड पुस्तकात आहे: सोबत लिहिलेला ई८६. पण कलम फक्त ए०९ वाचतं आणि थांबतं. कलमाला गांभीर्य कळत नाही, नाव कळतं.

मलावरोध मात्र या यादीत नाही! म्हणजे आपल्या आजोबांच्या कागदावर ‘लूज मोशन्स’ असेल तर क्लेम नावावरूनच बाद, आणि के५६.४ असेल तर निदान नावावरून तरी बाद नाही. आहे ते एकच शरीर आणि एकच खडा. पण मग तीन दिवसांची अट आडवी येते. डॉक्टर आणि सिस्टर यांनी दोन दिवसांत आजोबांना मोकळं केलं. काम लवकर झालं, म्हणून पैसे नाहीत. चौथ्या दिवसापर्यंत आजोबांना तसंच ठेवलं असतं, तर कागद जास्त भक्कम झाला असता.

काही पॉलिसींनी तर हा प्रश्नच मिटवून टाकलाय. १ एप्रिल २०२० पासून आलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी, जिचा मसुदा सगळ्या कंपन्यांना सारखाच, घरचं हॉस्पिटलायझेशन आणि ओपीडी हे दोन्ही अपवादांत टाकते. पण त्याच पॉलिसीत भरतीआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस यांतला संबंधित खर्च मिळतो. म्हणजे त्याच पलंगावर, त्याच सिस्टरने दिलेला एनिमा हॉस्पिटलातून आल्यानंतरचा असेल तर खर्च धरला जाईल. हॉस्पिटलात न जाता दिलेला असेल तर नाही. घराला मान्यता मिळते ती हॉस्पिटलची शेपटी म्हणून. केंद्राच्या आयुष्मान भारतचीही (२०१८) रचना हीच. ऑक्टोबर २०२४ पासून ती सत्तरीपुढच्या सगळ्यांना खुली झाली, पण तिथेही उपचार म्हणजे भरती, आणि घर म्हणजे डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस.

मग माणसं काय शिकतात? चार जणांनी खुर्चीवर बसवून आजोबांना तीन मजले खाली आणायचं आणि एक रात्र भरती करायचं. चोवीस तास झाले की तेच काम ‘उपचार’ होतं. खर्च कैकपटीने वाढतो, तो कंपनीही भरते, आणि संसर्गाचा धोका आजोबा भरतात.

फॉर्ममधलं घर

माझ्या मते सगळ्यात बोलका मजकूर म्हणजे प्रमाणित क्लेम फॉर्म. त्याचे दोन भाग असतात. भाग ‘ए’ विमाधारकाने भरायचा. त्यात घरच्या उपचाराबद्दल ‘हो/नाही’ अशी एक चौकट आहे, आणि ‘हो’ असेल तर तपशील वेगळ्या कागदावर जोडा, असं म्हटलंय. बस, एवढंच.

भाग ‘बी’ हॉस्पिटलने भरायचा. आयसीडीचे रकाने याच भागात आहेत: मुख्य निदान, जोडीची निदानं, केलेल्या प्रक्रिया. त्याआधी भरतीची तारीख-वेळ, डिस्चार्जची तारीख-वेळ. हॉस्पिटल नेटवर्कबाहेरचं असेल तर खाटा किती, ऑपरेशन थिएटर आहे का. आजार अचूक सांगायची जागा फॉर्मने हॉस्पिटलच्या हाती दिलीय. घरी आलेल्या डॉक्टरांनी हा भाग कसा भरायचा? खाटा: एक. ऑपरेशन थिएटर: स्वयंपाकघराशेजारची खोली?

याच भागात डिस्चार्जच्या वेळची स्थिती विचारलीय. तीन पर्याय: घरी, दुसऱ्या हॉस्पिटलात, मृत्यू. संपूर्ण भाग ‘बी’मध्ये घर असं एकदाच येतं, आणि तेही रुग्ण जिथे परत जातो ते ठिकाण म्हणून. म्हणून ‘डॉक्टर कोड लिहीत नाहीत’ ही तक्रार मला अपुरी वाटते. कोड लिहायचा कुठे, हे फॉर्मने सांगितलेलंच नाही.

अमेरिकेत सगळं छान आहे का?

इथे कुणीतरी म्हणेल, अमेरिकेसारखी कोडची पद्धत आणा. गंमत म्हणजे ती पद्धत आपल्या शेजारीच राबते. अमेरिकन डॉक्टरांची बिलं कोड करणाऱ्या कंपन्या मुंबईच्या उपनगरांत आणि नवी मुंबईत आहेत, मेडिकल कोडिंगचे क्लासही आहेत. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींना पाठ असतं: घर म्हणजे ‘जागा क्रमांक १२’. नव्या रुग्णाची घरभेट ९९३४१ पासून, जुन्याची ९९३४७ पासून. म्हणजे दूर अमेरिकेतल्या कुणाच्या बेडरूमला इथल्या कॉम्प्युटरवर क्रमांक आहे, आणि जवाहरनगरातल्या बेडरूमला नाही.

पण त्या पद्धतीची आरती ओवाळायचं कारण नाही. मळाचा खडा भूल देऊन काढला तर तिथे वेगळा कोड आहे, ४५९१५. भूल न देता, हाताने, घरी काढला तर वेगळा नाही. ते काम भेटीच्याच कोडमध्ये विरघळतं. भेटीचा वेळ मोजताना प्रवासाचा वेळ धरायचा नाही, असाही नियम आहे. गोरेगावातल्या डॉक्टरला हे सांगून बघा! पश्चिमेचा दवाखाना सोडून पूर्वेला पांडुरंगवाडीत जायचं, तर मृणालताई गोरे उड्डाणपुलावरून जा नाहीतर स्टेशनला वळसा घाला, संध्याकाळी जाण्या-येण्यातच तास जातो. इथल्या घरभेटीच्या फीमध्ये निम्मा भाग या प्रवासाचा आणि जिन्यांचा असतो.

आणि मावशी? अमेरिकेच्या मेडिकेअर नियमांत शौचाची सवय लावण्याचा कार्यक्रम सुरू करणं आणि त्यावर देखरेख ठेवणं हे ‘कुशल’ नर्सिंगच्या उदाहरणांत आहे. ताबा नसलेल्या रुग्णाची रोजची काळजी, डायपर बदलणं, हे ‘कुशल’मध्ये नाही. रेघ तिथेही आहे, फक्त वेगळ्या जागी मारलेली.

या अदृश्य कामाला नाव द्यायचा सगळ्यात गंभीर प्रयत्न आयोवा विद्यापीठातल्या नर्सिंगच्या अभ्यासकांनी १९८७ पासून केला. १९९२ मध्ये त्यांचं वर्गीकरण छापून आलं. त्यात मलावरोध, जुलाब, शौचावरचा ताबा, शौचाची सवय या प्रत्येकासाठी नर्स काय करते त्याला स्वतंत्र नाव आणि क्रमांक आहे. बोकर आणि स्टार यांनी या प्रयत्नाचं कौतुक केलं, पण इशाराही दिला: काम दिसायला लागलं की त्यावर पाळतही ठेवता येते. ज्याला क्रमांक आहे ते मोजता येतं, आणि जे मोजता येतं ते कापता येतं.

इथे माझा त्यांच्याशी थोडा मतभेद आहे. त्यांचा इशारा पगारी, नोंदणीकृत, हॉस्पिटलातल्या नर्सकडे बघून दिलेला आहे. तिच्याकडे गमवायला थोडंफार स्वातंत्र्य होतं. ब्युरोतून आलेल्या मावशींच्या कामाचं नावच बिलावर नाही, फक्त दिवस आहेत. कूस बदलली म्हणून जखम झाली नाही, पाणी पाजलं म्हणून पुन्हा खडा झाला नाही, हे कुठल्याच कागदावर उमटत नाही. पाळतीची भीती दाखवून त्यांना अदृश्यच ठेवणं हा त्यांच्यावर उपकार नव्हे. आधी नाव येऊ द्या, मग पाळतीविरुद्ध भांडू.

हे बदलता येतं का?

येतं. पुरावा २०२० चा आहे. जुलै २०२० मध्ये आलेल्या ‘कोरोना कवच’ पॉलिसीत घरचा उपचार चौदा दिवसांपर्यंत धरला गेला. अटी सरळ होत्या: डॉक्टरांनी घरी उपचार घ्यायला सांगितलेलं असावं, रोज देखरेख असावी, आणि रोजचा तक्ता डॉक्टरांच्या सहीने ठेवलेला असावा. ‘घरात काय झालं ते कळत नाही’ या जुन्या आक्षेपाला नियामकानेच उत्तर दिलं: एक तक्ता ठेवा. रुग्णाला हलवता येतं की नाही, खाट रिकामी आहे की नाही, हे प्रश्न मागे पडले. घर पहिल्यांदा स्वतःच्या नावाने आलं. मग जो तक्ता कोविडला चालला, तो मलावरोधाला का चालू नये?

मागणी फार मोठी नाही. अपवादांची यादी आजाराच्या नावावर न ठेवता गांभीर्यावर ठेवा. तीन दिवसांची किमान अट काढा. आणि भाग ‘बी’ला एक जुळा कागद द्या, घरी आलेल्या डॉक्टर आणि सिस्टरने भरायचा, ज्यात निदानाचा कोड, काय तपासलं, काय केलं आणि रुग्णाला का हलवलं नाही, एवढं असेल.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते सांगते. आपल्या पॉलिसीत डोमिसिलिअरीचं कलम आहे का, असल्यास त्यातली यादी कोणती, हे आजारपणाआधी वाचा. डॉक्टरांकडून बिलावर तारीख, वेळ, घरभेटीचा उल्लेख, तपासणीनंतरचं निदान, केलेलं काम, साहित्याचा वेगळा खर्च आणि न हलवण्याचं कारण मागून घ्या. नोंदणी क्रमांक पावतीवर असायलाच हवा, तो २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांतच आहे. मात्र निदान बदलून लिहा असं डॉक्टरांना कधीही सांगू नका. मागायचं आहे ते खरं आणि पूर्ण निदान. घरातल्या ज्येष्ठांचा विमाच नसेल, तर प्राप्तिकर कायद्यात, जुन्या करप्रणालीत, त्यांच्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट ठेवलेली आहे, पण पैसे रोख दिलेले नसावेत. म्हणजे डॉक्टरांना यूपीआयने द्या आणि पावती जपा. क्लेम नाकारला आणि कंपनीकडे केलेल्या तक्रारीनेही काम झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील लागत नाही.

लोकपालाकडे जाणाऱ्या अर्जात ‘लूज मोशन्स’ आणि ‘व्हिजिट चार्जेस’ एवढेच चार शब्द असतील, तर तो काय वाचणार? लाजेने आखडता घेतलेला प्रत्येक शब्द पुढे कुणाच्यातरी क्लेममधून वजा होतो. म्हणून हा नकोसा विषय, आणि म्हणून ही लांबलेली पोस्ट.